बोईसरची धुराडी : काळीपांढरी आणि रंगीत

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘फोटोग्राफीच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहून पाठवा.’ तसे अनुभव पुष्कळ आहेत. एकदा नवरदेवाच्या मिशीला टचिंग करताना एक बाजू जास्त जाड झाली आणि वरबाप फोटो घेऊन भांडायला आला. असल्या गोष्टी प्रत्येक फोटोग्राफर सांगतो. मी दुसरंच सांगणार आहे आणि ते गमतीचं नाही. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

आमची माकुणसारला केळी-नारळाची वाडी. ‘याला झाडापेक्षा झाडाच्या सावलीत जास्त रस,’ असं वडील माझ्यावर चिडून म्हणायचे. सत्तरच्या दशकात मी वाडी सोडली आणि बोईसर स्टेशनजवळ गाळा घेऊन स्टुडिओ टाकला. पुढे खुर्ची आणि पडदा, मागे डार्करूम, आणि डार्करूमच्या मागच्या दोन खोल्यांत संसार. तेव्हा औद्योगिक वसाहत नुकती उभी राहत होती. दर दोन-चार महिन्यांनी एक नवं धुराडं वर यायचं. कामगारांची ओळखपत्रं, लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो यांवर पोट चालायचं.

नाद मात्र वेगळाच होता. रविवारी सायकलला स्टँड बांधायचा आणि खाडीच्या बांधावर जायचं. तिथून पूर्वेला पाहिलं की पुढे मिठागरांचं पाणी, मागे डोंगरांची रांग आणि मधे शहर होऊ घातलेल्या गावाची उंचसखल रेघ. धुराडी, पाण्याच्या टाक्या, अर्धवट बांधलेल्या चाळी. एका परदेशी मासिकात या रेघेला स्कायलाइन म्हणतात असं वाचलं होतं. मुंबईची स्कायलाइन काढणारे शेकड्यांनी होते. बोईसरची काढणारा मी एकटा. लोक हसायचे. ‘राऊतांना नवरीपेक्षा चिमणी गोड दिसते,’ म्हणायचे. मला त्याचंही भूषण वाटायचं.

आता थोडं धंद्याचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, काळीपांढरी फिल्म ही जुनाट आणि रंगीत ही सुधारलेली. पण या दोघींचे स्वभावच निराळे. काळ्यापांढऱ्या फिल्मवर निळं आकाश आणि पांढरा धूर दोन्ही सारखेच फिकट येतात. म्हणून भिंगावर तांबडी काच लावायची. ती निळा उजेड अडवते, आकाश काळंभोर होतं आणि धूर त्यावर पिंजलेल्या कापसासारखा उठून दिसतो. धूर पिवळट असला तरी त्या काचेतून पांढराच येतो. रोल घरच्या घरी धुवायचा, प्रिंट काढताना आकाश हवं तेवढं गडद करायचं. धुराड्यांची रेघ काढावी तर याच फिल्मवर. तिला फक्त आकार दिसतो, आणि धुराड्याला आकाराशिवाय देखणं असं दुसरं काय आहे?

रंगीत फिल्मला ती काच चालत नाही, सगळंच तांबडं होऊन बसतं. तिला नेमक्या वेळचं ऊन लागतं. आमच्या किनाऱ्यावर दुपारी आकाश पांढुरकं पडतं, त्या वेळी रंगीत फोटो म्हणजे ताकात भिजवलेलं शहर. रोल धुवायला मुंबईला पाठवायचा, आठ-दहा दिवस वाट बघायची, आणि मग कोणा न पाहिलेल्या माणसाने ठरवलेले रंग गपचूप घ्यायचे. काळ्यापांढऱ्यावर माझा हात चालायचा. रंगीतावर मी नुसता बटण दाबणारा. म्हणून मला रंगीत आवडायची नाही. हे कारण मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो.

दुसरं कारण मला रामजतनमुळे कळलं, तेही पुष्कळ उशिरा. रामजतन उत्तर प्रदेशातला. इथे एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता, म्हणजे कापडाला लावायचे रंग जिथे तयार होतात तिथे. त्याला गावी पाठवायला फोटो हवा होता, मागे धुराडी आणि पुढे तो. “रंगीन निकालो साहब, गाँव में दिखाना है,” म्हणाला. मी त्याला बांधावर नेऊन रंगीत फोटो काढला. फोटो छान आला होता. महिनाभराने तो पुन्हा आला, तोंड पाडून.

“साहब, ब्लॅक-वाइट में दूसरा निकाल दो.”

“का? हा बरा नाही आला?”

त्याने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत लालजांभळे. धुऊनही न जाणारे. “अम्मा ने चिट्ठी लिखवाई है. पूछती है, हाथ में क्या हुआ, जल गए क्या.”

मी तोच फोटो पुन्हा काढला, काळ्यापांढऱ्यावर. त्यात त्याचे हात चारचौघांसारखे आले. आई निश्चिंत झाली असणार. मी तेव्हा हसलो होतो आणि हा किस्सा गमतीने सांगतही होतो.

त्याच कारखान्याच्या पर्सोनेल मॅनेजरना सगळे मोठे साहेब म्हणत. गोड बोलणारे, टापटीप गृहस्थ. माझी काळीपांढरी स्कायलाइन त्यांनी स्टुडिओच्या काचेत लावलेली पाहिली आणि कारखान्याच्या कॅलेंडरसाठी मागितली. काळ्याभोर आकाशावर पांढऱ्या धुराचे लोट, खाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. ते कॅलेंडर बोईसरपासून पालघरपर्यंत घराघरांत लागलं. वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात माझा फोटो. आयुष्यात तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

दोन-तीन वर्षांनी साहेब म्हणाले, “राऊत, आता जमाना रंगीत. यंदा रंगीत काढा.”

मी काढला. मुंबईहून प्रिंट आले ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक नजर टाकली आणि प्रिंट टेबलावर पालथा ठेवला.

“हे काय काढलंत? असा पिवळा असतो का आपला धूर?”

“तसाच असतो, साहेब. खिडकीतून दिसतोय बघा.”

ते खिडकीकडे वळले नाहीत. म्हणाले, “तुम्ही पूर्वी फोटो हाताने रंगवायचात ना? नवरीच्या साडीला, ओठांना?”

रंगवायचो, आणि या तालुक्यात माझ्याइतका सफाईदार हात कोणाचा नव्हता. काळ्यापांढऱ्या प्रिंटवर कापसाच्या बोळ्याने आणि बारीक कुंचल्याने इतके पातळ रंग चढवायचे, की खालची छटा तशीच राहते आणि रंग मूळचाच वाटतो. मी जुनी निगेटिव्ह काढली, या वेळी आकाश फिकं ठेवून मोठा प्रिंट केला आणि तीन दिवस बसून रंगवला. आकाश निळं, डोंगर हिरवे, पाणी आकाशाहून गडद. धुराला काहीच लावलं नाही. तो पांढराच राहिला. छापून आल्यावर हा हाताने रंगवलेला आहे हे माझ्याखेरीज कोणीही ओळखू शकलं नसतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी घरी येऊन सुमनला, माझ्या बायकोला, म्हणालो, “याला म्हणतात हात.”

हिरूबाय किनाऱ्यावरच्या दांडी गावची कोळीण. मासळी घेऊन आमच्या दारी यायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सुमनशी तिचं बहिणीसारखं. हिवाळ्यात ताजी मासळी कमी आणि सुके बोंबील जास्त. ते किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून त्यांवर वाळत घालतात. एकदा तिने टोपलीतून मूठभर बोंबील काढून माझ्यापुढे धरले.

“बघ रे राऊतभाव. हलद लावल्यावानी झाला हाय सगला. व्यापारी हात पन लावत नाय.”

बोंबलांवर पिवळी भुकटी बसली होती. बोटाला लागत होती.

“सकालचा मतलय सुटला का धूर आमच्यावर येतो,” ती म्हणाली. मतलय म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा सकाळचा वारा. “अर्ज केला तं सायब लोक दुपारचे बघायला येतात. तवा वारा फिरलेला असतो. म्हनतात, कुटं हाय धूर? तू त्या धुराड्यांचा फोटो काडतो ना? मंग आमच्या बाजूनी काड एक.”

मी गेलो. मला स्कायलाइनची नवी बाजू मिळणार होती, हेही खरंच. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. दांडीच्या किनाऱ्याकडून पाहिलं तर पुढे बोंबलांच्या रांगा, डावीकडे शाळेची चुन्याने रंगवलेली भिंत, आणि पलीकडे, दूर, धुराड्यांची ओळ. तिच्यातून निघालेला पिवळा पट्टा आडवा होऊन सरळ आमच्या डोक्यावर आला होता. घसा खवखवत होता. मी आधी काळ्यापांढऱ्यावर दोन फोटो काढले. फोटो म्हणून ते उत्तम होते, पण हिरूबायच्या कामाचे नव्हते. त्यांत धूर म्हणजे सुंदर ढग. मग रंगीत रोल घातला. मुंबईच्या लॅबवाल्यांना जास्तीचा पिवळा दिसला की ते तो काढून टाकतात हे मला माहीत होतं, म्हणून पाकिटावर लिहून दिलं, ‘रंग सुधारू नयेत. आहेत तसे ठेवावेत.’

त्यांनी ठेवले. माझ्या सगळ्या कारकिर्दीतली ती एकमेव रंगीत स्कायलाइन, जी काळ्यापांढऱ्याने कधीच जमली नसती. निळं आकाश, पांढरी भिंत आणि मधून गेलेला हळदीचा पट्टा. हिरूबायने तो फोटो अर्जाला लावला.

सुनावणी पालघरला एका सरकारी कचेरीत होती. फोटो काढणारा म्हणून मलाही बोलावलं होतं. माझा धाकटा भाऊ सुरेश त्याच कारखान्यात होता. सहा वर्षं बदली कामगार म्हणून राबून नुकताच कायम झाला होता, आणि त्याचं लग्न ठरलं होतं. व्हरांड्यात मोठे साहेब भेटले. मला वाटलं, चिडतील. ते हसले.

“काय राऊत, बरं आहे ना? आणि सुरेश? कायम झाला म्हणे परवा. चांगला मुलगा आहे.”

एवढंच बोलले आणि आत गेले.

आत हिरूबाय आणि गावातल्या चार बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी तिचा फोटो पाहिला. कारखान्याच्या वकिलाने पिशवीतून कॅलेंडर काढून त्याच्या शेजारी ठेवलं. निळं आकाश, पांढरा धूर. “साहेब, हाही रंगीतच आहे. हीच धुराडी. फोटोग्राफरही हेच.”

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “दोन्ही तुमचे?”

“होय, साहेब.”

“मग एकात धूर पांढरा आणि एकात पिवळा कसा?”

माझं उत्तर एका वाक्याचं होतं. साहेब, कॅलेंडरवरचे रंग फिल्मचे नाहीत, ते मी हाताने भरलेत. हे वाक्य तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, “फिल्मफिल्मचा फरक असतो, साहेब.”

वकील पुढे आला. “सकाळच्या उन्हात रंगीत फिल्मवर पिवळेपणा येतो, हे खरं का?”

“येतो.”

हे खरंच आहे. ऊन कोवळं असताना सगळंच पिवळं येतं. सगळं, म्हणजे आकाश, माणसं, भिंती, सगळं. या फोटोत एकटा धूर पिवळा होता आणि चुन्याची भिंत चुन्यासारखी पांढरी होती. म्हणजे पिवळा उन्हाचा नव्हता, धुराचा होता. हे सांगायला धंद्यातला माणूस लागतो आणि त्या खोलीत धंद्यातला माणूस मी एकटाच होतो. अधिकारी माझ्याकडे बघत थांबलेही होते. “आणखी काही सांगायचंय?” असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

फोटोवरून काही ठरवता येत नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. दुसरा पुरावा हिरूबायजवळ नव्हता. तिने सोबत आणलेले बोंबील कचेरीतल्या कोणी उघडूनसुद्धा बघितले नाहीत, वासाने नाकाला रुमाल लावला.

बाहेर पायरीवर तिने तो फोटो उन्हात धरला. पुष्कळ वेळ बघत राहिली.

“राऊतभाव, ही आमच्या शालेची भित. पांडरी हाय ना यात?”

“हो.”

“मंग ती कशी नाय झाली पिवली?”

ती मला अडवत नव्हती. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला दोन मिनिटांत जे दिसलं ते मला दिसलं नाही, असं कोण मानेल? मी म्हणालो, “चल हिरूबाय, गाडी चुकेल.”

त्यानंतर मी पुन्हा धुराड्यांचा फोटो काढला नाही, असं इथे लिहिलं असतं तर शोभून दिसलं असतं. पण मी काढले. पुढची चार वर्षं कॅलेंडर माझंच होतं. हिरूबाय मासळी घेऊन येतच राहिली. ती आली की मी डार्करूममध्ये जायचो आणि बाहेरचा लाल दिवा लावायचो, म्हणजे कोणी दार उघडू नये. दोन हिवाळे असे गेले. मग दांडीला बोंबील वाळवणं तिला परवडेना आणि ती मुरब्याला लेकीकडे राहायला गेली.

नव्वदीनंतर बोईसरमध्येच रंगीत लॅब आली. अर्ध्या तासात फोटो. काळ्यापांढऱ्या फोटोंचा कागद मिळेनासा झाला तशी मी डार्करूम मोडून तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवलं. पुढे तो रंगाचा कारखानाही बंद पडला. मालकांनी यंत्रं हलवली, मोठे साहेब आधीच दुसरीकडे गेले होते. सुरेश चाळिशीच्या आत घरी बसला. ज्या नोकरीसाठी मी तोंड मिटलं होतं ती पुरती बारा वर्षंसुद्धा टिकली नाही. टिकली असती तर मी हे लिहिलं असतं का, हा प्रश्न वाचकांनी मला विचारावा. मी स्वतःला विचारून झालंय, उत्तर चांगलं नाही.

तेव्हा एकदा सगळं कागदावर लिहून काढलं. रंगवलेलं कॅलेंडर, पांढरी भिंत, लॅबच्या पाकिटावरची सूचना, सगळं. सही केली आणि पालघरच्या त्या कचेरीत गेलो. कारकून तरुण होता, सभ्य होता. दोनदा वाचलं त्याने.

“काका, ती फाइल केव्हाच निकालात निघाली. आणि कारखानाच नाही आता. हे कोणाविरुद्ध लावू?”

“माझ्याविरुद्ध लावा,” मी म्हणालो.

त्याला ती थट्टा वाटली. हसून त्याने कागद परत दिला.

तसाच मुरब्याला गेलो. हिरूबाय लेकीच्या अंगणात जवळा निवडत बसली होती. खूप वाळली होती, पण मला लगेच ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, कॅलेंडर हाताने रंगवलेलं होतं इथपासून. तिचा हात जवळ्यात चालूच होता. सांगून संपल्यावर लेकीला म्हणाली, “च्या ठेव गो, बोईसरचा पाव्हना हाय.” मग मला विचारलं, “सुरेश काय करतो आता? कंपनी बंद झाली ना त्याची?”

मी चमकलो. सुरेश कुठे कामाला होता हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, आताही नाही.

“रिक्षा चालवतो,” मी म्हणालो. “पण तुला कोणी सांगितलं?”

“तुज्या बायकोनी. पालघरवरना आलो, त्याच्या दुसऱ्या दिशी.”

चहा कसाबसा घेतला आणि निघालो. घरी आलो तर सुमन ओट्याशी तांदूळ निवडत होती. विचारलं, तर म्हणाली, “हो, मीच सांगितलं. नाहीतर तिला कायम वाटत राहिलं असतं की तिच्याच फोटोत काही खोट होती. दारात बसून रडत होती ती. तुम्ही डार्करूममध्ये होतात.”

मग हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “तुम्हाला तिचं रडणं ऐकू आलं नव्हतं?”

आलं होतं.